वाल्टरबुवांचे चाळीस सेकंद

कॅसेट कंपनीत होतो म्हटलं की समोरच्याची खुर्ची आपोआप पुढे सरकते. "मग तिकडे गायक-बियक यायचे असतील ना? हिरॉइनी?" तर आधीच सांगून टाकतो. आमची कंपनी तुर्भ्याच्या एमआयडीसीत, एका बाजूला रंगाचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला बिस्किटांचा. सहा वर्षांत तिथे मी पाहिलेले सगळ्यात मोठे कलाकार म्हणजे एका भजनी मंडळाचे टाळकरी. तेही वाशीची बस चुकली म्हणून पाणी प्यायला आत आले होते. त्यामुळे ज्यांना चटपटीत काही हवंय त्यांनी सरळ पुढच्या पानांवर जावं, राशिभविष्य असेलच. इथे फक्त चाळीस सेकंदांची शांतता आहे. ती माझ्या हातून कशी हरवली, एवढंच.

आता दुसरी शंका. दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारा माणूस रिटायर्ड असतो, त्याच्या फोटोत शाल असते. मी अठ्ठावीसचा आहे, केस काळे आहेत. पण मी रिटायर व्हायच्या आधी माझा धंदाच रिटायर व्हायला निघाला, त्याला मी काय करू? आता सगळीकडे सीडी आलीय. सीडीला ना चिरायचं, ना चिकटवायचं. म्हटलं, कॅसेट कशी बनते हे विसरायच्या आत लिहून टाकावं.

मी करमाळ्याचा. शाळेत दोनच गोष्टी शिकलो, हेडमास्तरांची नक्कल करायला आणि हेडमास्तर मागे उभे आहेत हे ओळखायला. दुसरी जरा उशिरा शिकलो. बारावीनंतर मामाकडे नेरूळला आलो. मामाने पारेखशेठकडे नेऊन उभा केला. शेठने विचारलं, "काय येते तुला?" मला काहीच येत नव्हतं, म्हणून मी तोंडाने कॅसेट अडकल्याचा आवाज काढला. टेप गुंडाळली जाते ना मशीनमध्ये, आधी गायक खोल जातो, मग रेकतो, मग खर्रर्र. शेठने घाबरून मागे वळून आपल्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. मी कामाला लागलो. त्या दिवसापासून कंपनीत माझं नाव नकल्या.

कॅसेट बनते कशी, ते सोप्यात सांगतो. आमच्याकडे मूळ गाणं यायचं मोठ्या स्पूलवर. त्याला म्हणायचं मास्टर. त्याच्यावरून मशीनवर धडाधड कॉप्या निघायच्या, पण छोट्या कॅसेटमध्ये नाही, भाकरीएवढ्या चकतीवर. एका चकतीवर एकच अल्बम पुन्हा पुन्हा भरलेला, आणि दोन अल्बमच्या मध्ये एक घुमणारा आवाज टाकलेला. चकती लोडिंग मशीनवर चढवली की मशीनला तो घुमणारा आवाज कळतो, ते तिथे टेप कापतं आणि डबीत भरतं. मग सुनंदाताई भोईर कानाला हेडफोन लावून तपासणार. आणि सगळ्याच्या आधी, पहिली कॅसेट निघाली की मोनेकाका ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकणार आणि तिच्या कव्हरच्या आतल्या घडीवर पेनने सही करणार. ती सही झाल्याशिवाय दुसरी कॅसेट निघायची नाही. शेठने सांगितलं तरी नाही.

मोनेकाका रेडिओतून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले. पांढरा शर्ट, खिशात दोन स्क्रू ड्रायव्हर, तोंडात लवंग. बारा वर्षांत त्यांची सही असलेला एकही माल खराब निघाला नव्हता.

माल परत यायचा तो वेगळ्याच कारणाने. वाशीचा एक दुकानदार एकदा भजनाच्या पंचवीस कॅसेटी घेऊन आला. म्हणे ब्लँक आहेत. काकांनी लावून बघितल्या, चांगल्या वाजतायत. मग कळलं, दोन भजनांच्या मध्ये आठ सेकंदांची गॅप होती. एका आजोबांनी घरी लावली, गॅप आली, आजोबांना वाटलं बुवा गेले. कॅसेट घेऊन तरातरा दुकानात. तेव्हापासून शेठचा कायदा झाला, तीन सेकंदांच्या वर गॅप दिसली की कापायची. हे काम माझं. खाचेत टेप बसवायची, ब्लेडने तिरकी चीर, मधला तुकडा खाली, दोन टोकं चिकटपट्टीने जोडली, संपलं. भजन, लावणी, कीर्तन, कवायतीचे आकडे, मी सगळ्यांच्या गॅपा खाल्ल्या. हात इतका बसला की तोंडाने नकला चालू आणि हाताने कापणं चालू.

अशा आमच्या कंपनीत वाल्टरबुवा आले. म्हणजे ते जर्मनीतच होते, त्यांच्या मास्टरचा डबा आला.

त्याचं असं झालं. सत्तर सालाच्या पुढेमागे युरोपात काही लोक खोल्या बंद करून सिंथेसायझर घेऊन बसले आणि त्यांनी असं संगीत केलं ज्यात गाणं नाही, ताल नाही, नाचायचं नाही. नुसता आवाज पसरत जातो. दिवाणखान्यात ऊन सरकतं तसा. त्याला अँबियंट म्हणतात. तेव्हा फार कोणी विचारलं नाही. वीस वर्षांनी तिकडच्या पोरांना ते पुन्हा पाहिजे झालं, जुने अल्बम नव्याने निघायला लागले. मुंबईतल्या एका कंपनीने त्यातल्या सहा अल्बमची भारतापुरती परवानगी मिळवली आणि कॅसेटी काढायचं काम मोनेकाकांच्या शब्दावर आमच्याकडे आलं. पहिला अल्बम वाल्टर नावाच्या म्हाताऱ्याचा. नमुन्याची कॅसेट त्याला पाठवायची, त्याने हो म्हटलं तर बाकीचे पाच.

शेठने पहिली पाच मिनिटं ऐकली. "मोने, हे काय लावला? फ्रिज रिपेर करायची कॅसेट हाय?"

काका म्हणाले, "शेठ, जरा थांबा ना. अजून सुरू व्हायचंय."

"पाच मिनट झाला, अजून सुरू नाय?"

पण काका अडून बसले, आणि त्यांच्या अडून बसण्याला कारण होतं. दिवाळीनंतर शेठ नवीन मशीन आणणार होते. त्याला कान लागत नव्हते, बटण दाबणारा लागत होता. शेठने गोड शब्दांत सांगूनही टाकलेलं, "काका, बहु काम केला, आता आराम करा." हे सहा अल्बम आले तर मात्र काका राहणार, कारण हे मशीनच्या भरवशावर सोडायचं काम नव्हतं. आणि काकांना घरी बसायचं नव्हतं. मला म्हणाले होते, "घरी काय, पंखा ऐकू?"

वाल्टरबुवांचा डबा उघडला तेव्हा काकांनी मला एवढंच सांगितलं, "पुढे-मागे पांढरी पट्टी जोड आणि टायमिंग घे. बाकी हात लावू नकोस." आणि ते वाशीला दाताच्या डॉक्टरकडे गेले. मी पट्टी जोडली. टेप लावली. डोक्यावर पंखा फुल, स्पीकर छोटा. मी लोडिंगवरच्या पोरांना शेठ करून दाखवत होतो, "पाच मिनट झाला, अजून सुरू नाय?" पोरं हसत होती. दुसऱ्या बाजूला सतराव्या मिनिटाला आवाज बंद झाला. गॅप! तीन सेकंद, पाच, दहा. माझा हात खाचेकडे गेला. तिरकी चीर, आवाज परत येतो तिथपर्यंतचा तुकडा खाली, चिकटपट्टी. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मी वाकून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी शनिवारी काकांनी डब्यातलं वाल्टरबुवांचं पत्र काढून आम्हाला मराठीत वाचून दाखवलं. मागच्या-पुढच्या गोष्टी होत्या आणि मग हे, "दुसऱ्या बाजूला चाळीस सेकंद असे आहेत की जवळजवळ काही ऐकू येत नाही. अगदी खाली एक घुमणं आहे, तेवढंच. बाकीचा अल्बम मी त्या चाळीस सेकंदांपर्यंत पोचण्यासाठी केला. त्यांना सांभाळा."

काकांनी पत्राची घडी घातली. "बघ नकल्या, याला म्हणतात काम."

माझी नजर टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्याकडे गेली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर कचऱ्याचा डबा उपसला. रिकामा. दर शनिवारी आठवडाभर कापलेल्या टेपांचा गुंता सुनंदाताई घरी न्यायची, हे मला माहीत होतं. कशाला नेते ते माहीत नव्हतं. रविवारी सकाळी नेरूळजवळचं करावे गाव गाठलं. गावाच्या टोकाला खाडीकडे सुनंदाताईचं घर, पुढे चटयांवर जवळा वाळत घातलेला, आणि त्याच्यावर बांबूला बांबू जोडून ताणलेल्या टेपा. उन्हात चमचमतात, वाऱ्यावर फडफडतात, कावळे लांब बसून नुसते शिव्या घालतात. कित्येक वर्षांची भजनं, लावण्या, कीर्तनं, सगळ्यांच्या गॅपा राखणीला बसवलेल्या.

सुनंदाताईचे वडील जाळं दुरुस्त करत बसलेले. "काय शोधतस रं?"

"एक टेप पाहिजे होती काका. चाळीस सेकंदांची."

"घे की. कंची पायजे?"

सगळ्या तपकिरी. सगळ्या सारख्या. खारट, मुरगळलेल्या, काहींवर कावळ्यांचे अभिप्राय. वाल्टरबुवांच्या अल्बमचा जीव यातल्या कुठल्या बांबूला बांधलाय, हे त्यांनाही आलं नसतं सांगता. मी तिथेच फतकल मारून बसलो.

तेवढ्यात खाडीवरून वारा आला आणि ताणलेल्या टेपा घुमायला लागल्या. फडफड नव्हे, त्याच्या खाली एक मंद, जाड, लांब आवाज. वाढतो, थांबत नाही, कमी होतो, थांबत नाही. मी मान वर केली.

म्हातारे म्हणाले, "रोज वाजतंय. तुमचे कंपनीचीच गानी हाईत ना?"

मी तासभर बसून तो आवाज पाठ केला. हेडमास्तर केला, शेठ केला, वाऱ्याला काय होतंय?

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत काका डबा खाऊन खुर्चीत वीस मिनिटं डोळे मिटायचे. तेवढ्यात मी माइकच्या खोलीत शिरलो, तोंड बंद केलं आणि घशातून ते घुमणं काढलं. अडचण एकच. माझा दम पंचवीस सेकंदांचा, वाल्टरबुवांची शांतता चाळीसची. मग दोनदा काढलं, एक डावीकडे, एक उजवीकडे, म्हणजे एकीकडे दम संपेल तिथे दुसरीकडे चालू असेल. आवाज अगदी खाली घेतला आणि तुकडा नेमका त्या जागी डकवला. टायमिंग बरोबर आलं. मी स्वतःवर खूश.

मंगळवारी पहिली कॅसेट काढायला घेतली आणि वेगळीच गंमत. लोडिंग मशीन ठाक ठाक ठाक कापत सुटलं. वाल्टरबुवांचे खालचे सूर मशीनला अल्बम संपल्याच्या खुणेसारखे लागत होते, ते दर दोन-तीन मिनिटांनी अल्बम संपवत होतं. टोपलीभर दोन-दोन मिनिटांच्या कॅसेटी. काका चिडले नाहीत. लवंग चघळत तासभर स्क्रू फिरवला, मशीनला खूण नीट ओळखायला शिकवलं. "आपल्यालाही सुरुवातीला कुठे कळलं होतं," म्हणाले.

मग ते पहिली कॅसेट घेऊन बसले. हेडफोन, डोळे मिटलेले, पूर्ण पंचेचाळीस मिनिटं. मी दारात.

इथे मला एक गोष्ट सांगायला लागेल, जी मी तेव्हा कोणाला सांगितली नव्हती. नक्कल करायची तर माणूस नीट बघावा लागतो. काकांची नक्कल बसवताना माझ्या लक्षात आलं होतं की ते आताशा टेपचं हेड जुळवताना कानाने ऐकत नाहीत, चोरून मीटरचा काटा बघतात. टीव्हीची बारीक शिट्टी सगळ्यांना छळायची, काकांना नाही. वरचे आवाज त्यांचे गेले होते. मी त्यांची नक्कल करताना तो काट्याकडे बघायचा भाग गाळायचो. तेवढी लाज होती. पण दारात उभा होतो तो त्याच्याच जोरावर उभा होतो, हेही खरं.

काकांनी डोळे उघडले. "सतराव्या मिनिटाला काय केलंय रे माणसाने!" आणि कव्हरच्या घडीवर सही केली.

सुनंदाताईने तपासायला कॅसेट लावली. सतराव्या मिनिटाला तिने मशीन थांबवलं, मागे घेतलं, परत लावलं. मग हेडफोनची एक बाजू काढून माझ्याकडे बघितलं. "नकल्या, यो मानूस हाय."

"कोण माणूस?"

"मशीन दम घेत नाय." मग हळू आवाजात, "काकांनी सही केली ना? मंग आता काय?"

मी हात जोडले. तिने हेडफोन पुन्हा चढवला, पण दिवसभर माझ्याशी बोलली नाही. नमुना जर्मनीला गेला.

तीन आठवड्यांनी फॅक्स आला. शेठ स्वतः फडफडवत घेऊन आले. "मोने, पास! बोलते छान हाय!" काका वाचायला लागले. छान होतंच. छपाई छान, आवाज छान. आणि खाली, "दुसऱ्या बाजूला, सतराव्या मिनिटाला, कोणीतरी श्वास घेतंय. ती जागा मी केली तेव्हा खोलीत मी एकटा होतो आणि मी श्वास रोखून धरला होता. हा कोण?"

शेठना त्यात काही दिसलं नाही, ते गेले. काकांनी कॅसेट लावली. एकदा. मग आवाज वाढवून. मग हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून. तिसऱ्यांदा झाल्यावर त्यांनी सुनंदाताईला हाक मारली.

"तुला ऐकू येतंय?"

सुनंदाताईने माझ्याकडे बघितलं. मग खाली. "येतंय, काका."

"कोण आहे?"

तिने हेडफोन काढून ठेवला. मग मीच बोललो. पंखा, पोरं, चीर, कावळे, घसा, सगळं.

पुढचं पटकन सांगतो, म्हणजे जीव टांगणीला नको. काकांनी त्याच दिवशी फॅक्स पाठवला, खरं काय ते लिहून. आपण नीट ऐकल्याशिवाय सही केली, असंही लिहिलं. शेठ डोकं धरून बसले, म्हणाले गेले पाच अल्बम. दोन आठवडे काका रोज खिशातले स्क्रू ड्रायव्हर टेबलावर काढून ठेवायचे आणि घरी जाताना परत घालायचे. मग वाल्टरबुवांकडून एक छोटं पाकीट आलं. त्यांच्याकडे दुसरी कॉपी होती. चाळीस सेकंद, एवढीशी गुंडाळी, आणि चिठ्ठी, "हा खरा तुकडा लावा. बाकीचे पाच पाठवतो. चूक लपवणारे पुष्कळ भेटलेत." तो तुकडा मी नाही, काकांनी स्वतःच्या हाताने जोडला. त्यानंतरच्या प्रत्येक पहिल्या कॅसेटवर दोन सह्या असायच्या, काकांची आणि सु. भोईर. शेठला कंपनी बंद होईपर्यंत त्याचं कारण कळलं नाही.

पण मी अडखळत कबुली दिली त्या दिवशीचा ओरडा सांगायचा राहिला. तो मला पाठ आहे. माझ्या सगळ्या नकलांत हीच एक मी कोणापुढे करत नाही, लिहायला हरकत नाही.

काकांनी आधी मशीनमधून कॅसेट काढली. मग म्हणाले, "कापलंस. ठीक. हात आहे, चुकतो. मी रेडिओवर असताना एका मंत्र्याचं अर्धं वाक्य कापलं होतं, त्यांचं भाषण सुधारलं म्हणून कोणी बोललं नाही. घशातून आवाज काढून डकवलास. तेही एक वेळ ठीक, माकड आहेस. पण माझे कान गेलेत हे तुला माहीत होतं. मला वाटायचं, मी काट्याकडे बघतो ते पोरगं बघतं आणि बोलत नाही, मान राखतंय. तू मान राखत नव्हतास रे. तू जपून ठेवलं होतंस. वेळेला वापरायला."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"बंद कर. बंद कर आणि तो आवाज काढ."

"आता?"

"आता."

त्यांनी उठून मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि माझ्या पाठीवर पंजा ठेवला. मी घुमायला लागलो. करावे, टेपा, वारा, सगळं आठवून. सुनंदाताई दारात. दहा सेकंद, वीस, मग माझा दम संपला आणि पाठ फुगली.

"हां," काका म्हणाले. "इथे. इथे घेतलास. सापडला." पंजा तसाच होता. मग त्याच पंजाचा एक सणसणीत रट्टा बसला. "गाढवा! चाळीस सेकंद दम धरवत नाही आणि निघाला वाल्टर व्हायला! चल, कागद घे. फॅक्स लिहायचाय. आणि तुझ्या त्या करमाळ्याच्या इंग्रजीत नको, मी सांगतो तसा."